गाय खरोखर काय खाते?

आमच्या गावी ज्वारीच्या सुगीत घडलेली एक गोष्ट मला लहानपणापासून आठवते. शेजारच्या काकांच्या खळ्यावर मळणी होऊन धान्याची रास पडली होती. रात्री त्यांच्या बैलाचे दावे सुटले. तो खळ्यावर गेला आणि पहाटेपर्यंत त्याने पोटभर ज्वारी खाल्ली. सकाळी हे कळले तेव्हा काका फारसे रागावले नाहीत. "खाल्ली तर खाल्ली, वर्षभर त्यानेच राबून पिकवली ना," एवढेच म्हणाले. दुपारी बैलाने वैरणीला तोंड लावले नाही. त्याचे रवंथ करणे थांबले, डावी कूस फुगली. दुसऱ्या दिवशी त्याला उभे राहवेना आणि तिसऱ्या दिवशी तो मेला. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले राशीत साप फिरला असेल.

माझ्या डोक्यात मात्र एक साधा प्रश्न घोळत राहिला. वर्षभर वाळका कडबा खाऊन हा बैल नांगर ओढत होता. तो कडबा माणसाने खाल्ला तर त्याला एक दिवसाचीही ताकद मिळणार नाही. उलट ज्या ज्वारीवर आपण सारे जगतो, ती पोटभर खाऊन बैल मेला. हे कसे? या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले ते पुढे महाविद्यालयात गेल्यावर. ते उत्तर समजून घेताना 'गाय गवत खाते' हे पहिलीच्या पुस्तकातले वाक्यसुद्धा पुन्हा तपासून पाहावे लागले.

कडबा आणि ज्वारी

ज्वारीच्या दाण्यात मुख्यतः स्टार्च असते, तर कडब्यात मोठा भाग सेल्युलोजचा असतो. गंमत अशी की दोन्ही पदार्थ ग्लुकोज या एकाच साखरेचे बनलेले आहेत. ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक जोडले की यांची साखळी तयार होते. फरक आहे तो जोडणीत. स्टार्चमध्ये दोन ग्लुकोजमधला सांधा एका प्रकारे वळलेला असतो, सेल्युलोजमध्ये दुसऱ्या प्रकारे. एवढ्याशा फरकामुळे सेल्युलोजच्या साखळ्या सरळ राहतात, एकमेकींना घट्ट चिकटतात आणि त्यांचे चिवट धागे बनतात. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. भाताच्या शितावर आयोडीनचा थेंब टाकला तर ते निळे-काळे होते, कापसाच्या बोळ्यावर टाकला तर होत नाही. वर्गात हा प्रयोग दोन मिनिटांत करून दाखवता येतो.

अन्नाची साखळी तोडायला विकर म्हणजे एन्झाइम लागते. विकर ही जणू किल्ली. ज्या सांध्याची किल्ली असेल तोच सांधा उघडतो. स्टार्चची किल्ली आपल्या लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात आहे. सेल्युलोजची किल्ली आपल्याजवळ नाही. आणि आश्चर्य म्हणजे ती गाईजवळही नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, हत्ती, यांपैकी कोणीही सेल्युलोज तोडणारे विकर स्वतः बनवत नाही. आजवर माहीत असलेल्या कोणत्याच सस्तन प्राण्याला ते जमलेले नाही. म्हणजे नुसत्या गाईचा विचार केला तर भरल्या गव्हाणीपुढे उभी राहूनही ती उपाशीच मरेल.

पोटातला हौद

गाईचे पोट चार कप्प्यांचे असते हे विद्यार्थ्यांनी पाठ केलेले असते. कोठीपोट, जाळीदार पोट, पडदेदार पोट आणि शेवटी खरे पोट. यांतले फक्त चौथे आपल्या जठरासारखे, आम्ल पाझरणारे. आपल्या गोष्टीचे मुख्य ठिकाण आहे पहिला कप्पा, म्हणजे कोठीपोट. गाईच्या आकारानुसार तो पन्नास-साठ लिटरपासून दीडशे लिटरपर्यंत मोठा असतो आणि पोटाच्या पोकळीची जवळजवळ सगळी डावी बाजू व्यापतो. म्हणूनच त्या बैलाची डावी कूस फुगली होती.

गाय चारा घाईघाईने गिळते आणि सावलीत बसल्यावर थोडा थोडा तोंडात परत आणून चावते. दिवसातले सहा ते आठ तास तिचे रवंथ करण्यात जातात. यात दोन कामे होतात. चारा बारीक होतो आणि लाळ सुटते. मोठ्या गाईच्या तोंडात दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ तयार होते! या लाळेत खाण्याच्या सोड्याचे बरेच प्रमाण असते. ते कशासाठी, हे पुढे कळेल.

आता या हौदातील परिस्थिती पाहा. तापमान ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास, रात्रंदिवस सारखे. ओलावा भरपूर. सामू म्हणजे पीएच सहा ते सातच्या दरम्यान. कोठीपोटाच्या भिंती मिनिटाला एक-दोन वेळा आकुंचन पावून सगळे ढवळतात. अन्नाचा पुरवठा नियमित. आणि प्राणवायू जवळजवळ नाहीच. वरच्या पोकळीत कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन हे वायू भरलेले. सूक्ष्मजीव वाढवण्यासाठी एखाद्या कारखान्याने पैसे खर्चून उभारावे असे हे किण्वनपात्र गाय आपल्याबरोबर घेऊन हिंडत असते.

रहिवाशांची ओळख

या हौदात कोणीतरी राहते हे प्रथम दिसले ते १८४३ साली. फ्रान्समध्ये ग्रुबी आणि डेलाफाँ या दोघांनी गुरांच्या पोटातील रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना केसाळ, झपाट्याने पोहणारे आदिजीव दिसले. परंतु जीवाणूंचा अभ्यास पुढची शंभर वर्षे अडून राहिला. कारण सोपे होते. प्रयोगशाळेत जीवाणू वाढवायचे ते उघड्या हवेत, आणि कोठीपोटातल्या जीवाणूंना प्राणवायू म्हणजे विष! बशीत ठेवले की ते मरत.

ही अडचण दूर केली अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट या शास्त्रज्ञाने. वाळवीच्या पोटातील सूक्ष्मजीवांवर काम करता करता तो गुरांकडे वळला. पोषक द्रावण उकळून त्यातला प्राणवायू घालवायचा, त्यावर सतत कार्बन डायऑक्साइड सोडत राहायचे, आणि बशीऐवजी बूच लावलेल्या परीक्षानळीच्या आतल्या बाजूवर आगरचा पातळ थर फिरवून त्यात जीवाणू वाढवायचे, अशी त्याची पद्धत. द्रावणात सेल्युलोजची पूड मिसळली की द्रावण दुधासारखे पांढरट दिसे. जेथे सेल्युलोज खाणाऱ्या जीवाणूंची वसाहत वाढे, तिच्याभोवती स्वच्छ पारदर्शक कडे उमटे. किल्ली कोणाजवळ आहे हे असे डोळ्यांनी दिसले. १९६६ साली हंगेटने या विषयावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि एक नवी विज्ञानशाखाच उभी राहिली.

कोठीपोटातील रसाच्या एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे वीसेक थेंबांत, हजार कोटी ते दहा हजार कोटी जीवाणू असतात. शिवाय लाख ते दहा लाख आदिजीव. यांतले काही धागे तोडतात, काही स्टार्च, काही प्रथिने. काही तर इतरांनी टाकून दिलेल्या पदार्थांवरच जगतात. १९७५ मध्ये इंग्लंडच्या कॉलिन ऑर्पिन यांनी दाखवून दिले की ज्यांना सगळे आदिजीव समजत होते त्यांतले काही तर बुरशीचे पोहणारे बीजाणू आहेत! प्राणवायूशिवाय जगणारी बुरशी असू शकते यावर तोपर्यंत कोणाचा विश्वास नव्हता. ही बुरशी कडब्याच्या टणक काडीत मुळे रोवते, ती आतून फोडते आणि जीवाणूंना आत शिरायला वाट करून देते.

भाडे कसे मिळते?

जीवाणू सेल्युलोजपासून ग्लुकोज तयार करतात खरे, पण ते गाईला देत नाहीत; स्वतःच वापरतात. प्राणवायू नसल्याने त्यांना ते पूर्णपणे 'जाळता' येत नाही. अर्धवट वापरून उरलेला माल ते बाहेर टाकतात. हा माल म्हणजे अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही तीन आम्ले. पहिले आपल्या ओळखीचे, व्हिनेगरमधले. ही आम्ले कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेचा सुमारे ७० टक्के वाटा त्यांतून मिळतो. अ‍ॅसेटिक आम्लापासून दुधातील स्निग्धांशाचा मोठा भाग बनतो. प्रोपिऑनिक आम्लापासून यकृत ग्लुकोज तयार करते आणि त्यातून दुधातील साखर बनते. चारा कमी करून नुसता खुराक वाढवला की दुधाची फॅट का उतरते, याचे एक कारण येथे आहे: रहिवासी बदलतात, आम्लांचे प्रमाण बदलते.

काही माल वायाही जातो. किण्वनात सुटणारा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून आर्किया नावाचे सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. गाय तो ढेकरांवाटे बाहेर टाकते. चाऱ्यातील एकूण ऊर्जेपैकी २ ते १२ टक्के अशी हवेत जाते. मिथेन पृथ्वीचे तापमान वाढवणारा वायू असल्याने या ढेकरांकडे आज जगभरच्या शास्त्रज्ञांचे लक्ष आहे.

आता प्रथिनांकडे येऊ. वाळलेल्या कडब्यात प्रथिने फारच थोडी. मग दुधातली प्रथिने येतात कोठून? जीवाणूंना प्रथिने बनवायला तयार प्रथिनेच लागतात असे नाही. अमोनियासारखा साधा नत्रयुक्त पदार्थही चालतो. फिनलंडचे नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी व्हिर्तानेन यांनी काही गायींना अजिबात प्रथिने नसलेला आहार दिला. त्यात नत्राचा पुरवठा होता तो केवळ युरिया आणि अमोनियम क्षारांचा. तरीही त्या गायी वासरे देत राहिल्या आणि दूधही. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातल्या चांगल्या गायींचे दूध वर्षाला सुमारे ४००० किलोपर्यंत गेले होते. (येथे एक इशारा दिलाच पाहिजे. हे वाचून कोणी जनावराला युरिया चारू नये. प्रमाण थोडे चुकले तरी रक्तात अमोनिया वाढून जनावर तासाभरात दगावू शकते. चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया करायची तर ती पशुवैद्यकाकडून शिकूनच करावी.)

जीवाणूंची ही प्रथिने गाईला मिळतात कशी? उत्तर जरा क्रूर आहे. ती आपल्या रहिवाशांनाच पचवते! चाऱ्याबरोबर रोज असंख्य सूक्ष्मजीव पुढे सरकत चौथ्या पोटात पोहोचतात. तेथे आम्ल असते आणि लायसोझाइम नावाचे, जीवाणूंची भिंत फोडणारे विकरही असते. आपल्या अश्रूंत आणि लाळेत ते जंतूंपासून संरक्षण करते. गाईने ते अन्न पचवण्याच्या कामाला लावले आहे. आतड्यात पोहोचणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक प्रथिने सूक्ष्मजीवांची असतात. आपल्याकडच्या झाडांवरची लंगूर वानरेही पाला खातात, तो पोटात आंबवतात आणि त्यांच्या जठरातही असेच लायसोझाइम असते. गाय आणि वानर यांचा जवळचा संबंध नसताना दोघांच्या लायसोझाइममध्ये सारखेच काही बदल झालेले आहेत, असे १९८७ मध्ये आढळले. उत्क्रांती शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

तेव्हा गाय गवत खाते म्हणजे काय, तर ती गवत आपल्या सूक्ष्मजीवांना चारते, आणि त्यांनी टाकलेली आम्ले व शेवटी ते सूक्ष्मजीव खाते.

त्या बैलाचे काय झाले?

आता खळ्यावरच्या बैलाकडे परत जाऊ. वर्षभर कडबा खाणाऱ्या त्याच्या कोठीपोटात धागे तोडणाऱ्या, संथ गतीने काम करणाऱ्या जीवाणूंची वस्ती होती. एका रात्रीत तेथे कित्येक किलो स्टार्च येऊन पडले. स्टार्चवर जगणारे थोडे जीवाणू तेथे आधीपासून असतातच. त्यांतला स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस फार झपाट्याने वाढतो. अन्न भरपूर असेल तर अर्ध्या तासाच्या आतच त्याची संख्या दुप्पट होते. दुप्पट, चौपट, आठपट, असे करत सकाळपर्यंत किती झाले असतील याचा हिशेब विद्यार्थ्यांना करू द्यावा.

हा जीवाणू घाईत असला की लॅक्टिक आम्ल तयार करतो. नेहमीच्या तीन आम्लांपेक्षा ते सुमारे दहापट तीव्र. लाळेतला सोडा एरवी आम्लांना आवर घालतो. पण रवंथच थांबले की लाळही कमी पडते. सामू सहाच्या खाली गेला की धागे तोडणारे जीवाणू मंदावतात. पाचच्या खाली गेला की ते आणि आदिजीव मरू लागतात. स्ट्रेप्टोकॉकसही पुढे टिकत नाही, पण त्याची जागा आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस घेतात आणि आम्ल वाढतच राहते. हौदातील द्रव तीव्र झाल्याने शरीरातील पाणी कोठीपोटात ओढले जाते. रक्त घट्ट होते, आम्ल रक्तात उतरते, जनावर बसते. बैल मेला तो ज्वारीच्या विषाने नव्हे. त्याच्या पोटातली वस्ती एका रात्रीत उद्ध्वस्त झाली म्हणून.

लग्नसराईत उरलेला भात, पोळ्या, बुंदी प्रेमाने गाईपुढे टाकली जाते, तेव्हाही हेच घडते. यात्रा-जत्रा, भंडारे यांच्यानंतर अशी जनावरे पशुवैद्यकाकडे येतात. वेळेवर आणले तर खाण्याचा सोडा, शिरेतून द्रव, प्रसंगी पोट उघडून धान्य काढणे असे उपाय करता येतात. आणि एक उपाय फार बोलका आहे: निरोगी जनावराच्या कोठीपोटातला ताजा रस काढून आजारी जनावराला पाजतात. उजाड झालेल्या पोटात नव्याने वस्ती बसवण्याचाच हा प्रकार.

मात्र हेच धान्य थोडे थोडे वाढवत दोन-तीन आठवड्यांत दिले तर बहुतेक जनावरे ते पचवतात, कारण लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जीवाणूंना वाढायला अवसर मिळतो. 'वैरण हळूहळू बदलावी' हा जुन्या शेतकऱ्यांचा नियम म्हणजे सूक्ष्मजीवांना दिलेली मुदतच होय.

रहिवासी येतात कोठून?

वासरू जन्मते तेव्हा त्याचे कोठीपोट लहान आणि निकामी असते. प्यायलेले दूध एका पन्हळीतून थेट चौथ्या पोटात जाते. आई त्याला चाटते, ते आईच्या सडांना तोंड लावते, गव्हाणीतला उष्टा चारा हुंगते, चघळते. त्यातून पहिले जीवाणू काही दिवसांतच येतात. आदिजीव मात्र दुसऱ्या जनावराच्या सहवासातूनच मिळतात. वासराला जन्मापासून वेगळे ठेवले तर ती वस्ती बसतच नाही. साधारण तीन महिन्यांत वासरू खरेखुरे रवंथ करणारे जनावर होते.

आई न भेटलेल्या पिल्लांचे काय होते? १९७१ मध्ये फिनलंडमधील ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेलाचा मोठा प्रादुर्भाव झाला. एस्को नुर्मी यांच्या लक्षात आले की यंत्रात उबवलेल्या पिल्लांची कोंबडीशी कधी गाठच पडत नाही, त्यामुळे त्यांच्या आतड्यातली जागा रिकामी असते आणि रोगजंतूला सहज मिळते. त्यांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यांतले सूक्ष्मजीव पिल्लांना पाजले, तेव्हा साल्मोनेलाला तेथे बस्तान बसवणे अवघड झाले. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. बरेचसे रहिवासी अन्न पचवतातच, शिवाय नुसते जागा अडवूनही ते घर राखतात. प्रतिजैविके गरज नसताना दिली तर हे राखणदारही मरतात, हे पशुपालकाने लक्षात ठेवावे.

हवाईच्या शेळ्या

रहिवाशांचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे पटवणारी गोष्ट आपल्या बांधावरच्या एका झाडाची आहे. सुबाभूळ मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली. पाला प्रथिनांनी भरलेला, झाड भराभर वाढणारे, कापले तरी पुन्हा फुटणारे. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेने सत्तरच्या दशकापासून आपल्याकडे तिचा प्रसार केला आणि अनेक गावांत ती चाऱ्यासाठी लावली गेली.

परंतु या पाल्यात मिमोसीन नावाचे एक अ‍ॅमिनो आम्ल असते. घोड्याने तो जास्त खाल्ला तर आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात. गुरांच्या कोठीपोटात मिमोसीनचे रूपांतर डीएचपी या दुसऱ्या पदार्थात होते आणि तो थायरॉइड ग्रंथीच्या कामात अडथळा आणतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये शेतकऱ्यांनी गुरांना ही झाडे भरपूर चारली, तेव्हा गुरांचे केस गळू लागले, तोंडातून लाळ गळू लागली, गळ्याची ग्रंथी सुजली आणि वजन वाढेना. म्हणून हा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नये असा सल्ला दिला जाऊ लागला. आपल्याकडेही तोच सल्ला दिला जातो.

ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांना मात्र एक विसंगती खटकली. हवाई बेटांवर शेळ्या जवळजवळ नुसत्या याच पाल्यावर जगत होत्या आणि ठणठणीत होत्या. झाड तेच, विष तेच, मग फरक कोठे? शेळ्यांची जात वेगळी म्हणून? की जमीन वेगळी म्हणून? जोन्स यांनी १९८१ मध्ये वेगळाच विचार मांडला: फरक शेळीत नसून शेळीच्या पोटातल्या जीवाणूंत असावा. हवाईच्या शेळ्यांजवळ डीएचपी तोडणारा एखादा जीवाणू असेल, जो ऑस्ट्रेलियात कधी पोहोचलाच नाही.

ही कल्पना तपासता येण्याजोगी होती. आधी इंडोनेशियातील शेळीच्या कोठीपोटातला रस ऑस्ट्रेलियन शेळ्यांना दिला गेला; त्यांनाही डीएचपी तोडता येऊ लागले. मग हवाईच्या शेळ्यांकडून आणलेले जीवाणू ऑस्ट्रेलियातील गुरांच्या पोटात सोडले. ज्यांना ते मिळाले त्यांच्या लघवीतले डीएचपी नाहीसे झाले आणि ती सुबाभळीवर सुखाने राहू लागली. १९८६ मध्ये या यशस्वी स्थलांतराचा अहवाल प्रसिद्ध झाला. कळपातल्या काही जनावरांना डोस दिला की जीवाणू एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप पसरत. अमेरिकेतील मिल्टन अ‍ॅलिसन यांनी हा जीवाणू वेगळा केला आणि १९९२ मध्ये जोन्स यांच्या सन्मानार्थ त्याचे नाव ठेवले सिनर्जिस्टेस जोन्सी. हा जीवाणू साखर खातच नाही. काही अ‍ॅमिनो आम्ले आणि हे विष, हेच त्याचे अन्न.

गोष्ट येथे संपवली तर ती फार गोड होईल. पुढच्या अभ्यासांत हा जीवाणू थोड्या संख्येने अनेक देशांतल्या जनावरांत आढळला, डोस न दिलेल्यांतही. शिवाय जनावराचे यकृतही डीएचपीला दुसऱ्या रेणूशी जोडून निरुपद्रवी करते असे दिसले. २०१९ मध्ये तर काही संशोधकांनी, बाहेरून जीवाणू देण्याची खरोखर गरज आहे का, असाच प्रश्न विचारला. म्हणजे विष निवारण्यात जीवाणूंचा वाटा किती आणि यकृताचा किती, हा हिशेब अजून चालू आहे. जोन्स यांच्या प्रयोगाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. जनावराला एखादी वैरण सोसेल की नाही हे त्याच्या पोटातले सूक्ष्मजीवही ठरवतात, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

वर्गाबाहेरचा पाठ

खेड्यातल्या शाळेजवळ गोठा असतोच. मालकाची परवानगी घेऊन आणि तो सोबत असतानाच पुढील गोष्टी कराव्यात.

१. गाय बसून रवंथ करत असताना एका घासाला ती किती वेळा चावते ते मोजा. निरोगी गाईत हा आकडा साधारण ४० ते ६० येतो. तो घास गिळल्यावर दुसरा वर येताना मानेवरून हलणारी गाठ पाहा.

२. शांत गाईच्या डाव्या कुशीतल्या खळग्यावर, बरगडीच्या मागे, मालकाने मूठ दाबून धरावी आणि कोठीपोटाची लाट किती वेळा मूठ उचलते ते सांगावे. दोन मिनिटांत दोन ते चार लाटा जाणवल्या पाहिजेत. पशुवैद्यक नाडीइतकेच महत्त्व या लाटांना देतात.

३. जवळ पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा दवाखाना असेल तर कोठीपोटातल्या ताज्या रसाचा नमुना मिळतो का ते विचारा. तो थर्मासमधून कोमटच आणावा लागतो; थंड झाला की आदिजीवांची हालचाल थांबते. साध्या शालेय सूक्ष्मदर्शकातूनही शंभरपट मोठे केल्यावर त्यांची धावपळ दिसते. ग्रुबी आणि डेलाफाँ यांनी १८४३ मध्ये जे पाहिले ते आपल्या विद्यार्थ्यांना पाहायला मिळेल. नमुना हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

४. घरोघरी विचारून यादी करा: जनावरांची वैरण केव्हा बदलते, किती दिवसांत बदलतात, सणासमारंभाचे उरलेले अन्न कोठे जाते, आणि त्यानंतर जनावर आजारी पडल्याची आठवण कोणाला आहे का.

यांतली चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या शेजारच्या काकांना त्या वेळी कोणी सांगितले असते, तर सकाळीच पशुवैद्यकाला बोलावणे गेले असते आणि बैल कदाचित वाचला असता. त्यांना वाटले, बैलाने चांगलेचुंगले खाल्ले, एक दिवस सुस्त राहील. पहिले काही तास हातातून गेले ते या समजुतीमुळे. जनावराला काही खाऊ घालण्यापूर्वी, ते त्याच्या पोटातल्या वस्तीला सोसेल का, एवढा प्रश्न विद्यार्थ्यांनी घरी जाऊन विचारायला शिकला, तरी एखाद्या गोठ्यातले दावे रिकामे होण्याचे टळेल.